टॅलीत तेरीज नेहमी जुळते, मग राइस मिलचा हिशोब चुकतो कुठे?

२२ सप्टेंबर २०२५. घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत येऊन बसल्या. चर्चा झाली ती टीव्ही, एसी आणि छोट्या गाड्या किती स्वस्त झाल्या याची. भांड्यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ही ओळ बातमीच्या तळाशी राहिली.

भंडाऱ्यात मात्र ती ओळ महत्त्वाची होती. कारण पितळी भांडी ही या शहराची जुनी ओळख आहे.

समजा, इथल्या एका दुकानदारानं ऑगस्टमध्ये १ लाखाची भांडी घेतली आणि त्यावर १२ टक्क्यांनी १२ हजार रुपये कर भरला. तोच माल त्यानं ऑक्टोबरमध्ये १ लाख २० हजारांना विकला. आता कर लागणार ५ टक्के, म्हणजे ६ हजार. आधी भरलेल्या १२ हजारांपैकी ६ हजार या विक्रीत वळते झाले, उरलेले ६ हजार त्याच्या क्रेडिट खात्यात पडून राहिले. ते बुडाले नाहीत, पुढच्या करात वापरता येतात. पण हे कळण्यासाठी खात्यात तसं दिसायला हवं.

आणि समजा, काउंटरवरच्या मुलानं संगणकातला दर बदललाच नाही तर? बिल १२ टक्क्यांनी फाटणार. ग्राहकाकडून १४ हजार ४०० रुपये कर म्हणून घेतले जाणार. कर म्हणून घेतलेला पैसा चुकून जास्त घेतला असला तरी तो सरकारजमाच करावा लागतो, गल्ल्यात ठेवता येत नाही. शेजारच्या दुकानात तेच भांडं ७ टक्के कमी करात मिळत असेल, तर ग्राहक परत येईल का, हा वेगळा प्रश्न.

गंमत म्हणजे या दोन्ही वेळी सॉफ्टवेअर एक शब्दही बोलणार नाही. दोन्ही बिलं त्याच्या दृष्टीनं बरोबरच.

तेरीज म्हणजे काय, आणि ती इथं का आली?

ज्यांच्या घरी किराणा दुकान किंवा अडत होती, त्यांना हे शब्द आठवतील. किर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. रोजचे व्यवहार किर्दीत लिहायचे, तिथून खतावणीत त्या-त्या खात्यावर न्यायचे, मग सगळ्या खात्यांच्या बाकी काढून नावे आणि जमा अशा दोन बाजूंच्या बेरजा करायच्या. या दोन बेरजांचा तक्ता म्हणजे तेरीज. बेरजा जुळल्या नाहीत तर रात्री उशिरापर्यंत वह्या चाळायच्या आणि चूक शोधायची.

म्हणजे तेरीज न जुळणं हा हिशोबातला भोंगा होता. कुठेतरी काहीतरी चुकलंय, एवढं तरी तो सांगायचा.

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हा भोंगा जवळपास बंद झाला आहे. नावे आणि जमा रक्कम सारखी नसेल तर नोंदच साठवली जात नाही. फार तर सुरुवातीच्या शिलका चुकीच्या भरल्या असतील तर ताळेबंदात तेवढा फरक दिसतो. बाकी तेरीज कायम जुळलेली. बेरजेच्या चुका गेल्या ही चांगलीच गोष्ट आहे. पण चुकीचं खातं, चुकीचा दर, चुकीची पार्टी या चुका बेरजेत कधी दिसतच नव्हत्या आणि आता तर पडद्यावरचा नीटनेटका ताळेबंद पाहून कुणाला शंकाही येत नाही.

लहान धंद्यासाठी संगणकावरचा हिशोब शिकायचा म्हणजे नेमकं काय शिकायचं, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

टॅली आली कुठून?

थोडक्यात. श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. हिशोबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणितात पदवी घेतलेल्या मुलाला, भरत गोयंका यांना, ते बनवायला सांगितलं. १९८६ मध्ये बंगळुरूत कंपनी उभी राहिली. तिचं सुरुवातीचं नाव प्युट्रॉनिक्स. २००९ मध्ये टॅली ईआरपी ९ आली, २०२० मध्ये टॅलीप्राइम आली, आणि त्याच वर्षी भरत गोयंका यांना पद्मश्री जाहीर झाली.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि तालुक्याच्या गावातल्या क्लासच्या पाट्याही बदलल्या. ‘टॅली’चं ‘टॅली विथ जीएसटी’ झालं.

भंडाऱ्याचा खरा धडा: राइस मिल

भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर. सात तालुक्यांचा हा जिल्हा धानाचा. तुमसरची तांदळाची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. साहजिकच अकाउंटचं काम शिकलेल्या मुलामुलींना जवळपास काम मिळू शकतं अशा जागांमध्ये राइस मिल वरच्या नंबरावर येते.

आता या एका मिलमध्ये किती प्रकारचे कर येतात बघा.

धान विकत घेतलं, त्यावर जीएसटी नाही. सुटा तांदूळ विकला, त्यावरही नाही. तोच तांदूळ २५ किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या पिशवीत विकला तर ५ टक्के. हा नियम १८ जुलै २०२२ पासून आला. त्याआधी ब्रँडेड तांदळावर कर होता, त्यानंतर ब्रँडचा प्रश्न मागे पडला आणि पिशवीचं वजन महत्त्वाचं झालं. देशातल्या बऱ्याच बाजारांत २६ किलोची पोती दिसू लागली ती याच कारणानं.

दुसऱ्याचं धान भरडून दिलं तर? तांदळावर कर नाही, म्हणून भरडाईवरही नाही, असं कुणालाही वाटेल. नोव्हेंबर २०१७ च्या केंद्राच्या परिपत्रकानं सांगितलं की भरडाई ही शेतीची कामं म्हणून सुटत नाही, भरडाईच्या मजुरीवर ५ टक्के कर लागेल. मात्र तो मजुरीवर, तांदळाच्या किमतीवर नव्हे. पुढे जून २०२१ मध्ये रेशनसाठीच्या सरकारी भरडाईबद्दल वेगळा खुलासा आला. त्यात काही अटींवर सूट आहे आणि अटी पूर्ण झाल्या नाहीत तर पुन्हा ५ टक्के. कोणत्या मिलला काय लागू, हे करारनामा पाहून सीए ठरवतात. पण करारनामा सीएसमोर ठेवायला हवा, हे नोंद करणाऱ्याच्या लक्षात यायला हवं ना?

म्हणजे एकाच छपराखाली करमुक्त खरेदी, करमुक्त विक्री, करपात्र विक्री आणि करपात्र मजुरी.

आता यातला सगळ्यात महागात पडणारा भाग. मिलनं यंत्राचे सुटे भाग घेतले, बारदाना घेतला, मालाचं भाडं दिलं. या खर्चावर कर भरला. त्याचं क्रेडिट सगळं मिळतं का? नाही. जो खर्च करमुक्त आणि करपात्र अशा दोन्ही विक्रींसाठी झाला, त्याचं क्रेडिट करपात्र विक्रीच्या प्रमाणातच मिळतं.

समजा, महिन्याला २० लाखांचा सुटा तांदूळ गेला आणि ५ लाखांच्या छोट्या पिशव्या गेल्या. करपात्र वाटा झाला पाचवा हिस्सा. सामाईक खर्चावरचा कर ५० हजार असेल तर क्रेडिट मिळणार १० हजार, उरलेले ४० हजार सोडून द्यायचे. ऑपरेटरनं पूर्ण ५० हजार घेतले आणि मालकानं ते वापरले, तर दोन वर्षांनी नोटीस आल्यावर ४० हजार तर भरावे लागतातच, वर १८ टक्के दरानं व्याज. असं दर महिन्याला झालं असेल तर आकडा कुठं जाईल, याचा अंदाज बांधायला सॉफ्टवेअर लागत नाही.

तेरीज? ती दर महिन्याला जुळलेलीच असते.

सरकारचं धान, मिलच्या खात्यात

भरडाईत आणखी एक खाच आहे. आधारभूत किमतीनं खरेदी केलेलं धान मिलच्या आवारात येतं, ट्रकमधून उतरतं, वजन होतं. नवशिक्या ऑपरेटरला वाटतं, माल आला म्हणजे खरेदी. एफ९ दाबलं, पर्चेस व्हाउचर उघडलं, नोंद झाली.

पण ते धान मिलचं नाहीच. ते सरकारचं. मिलनं ते भरडायचं आणि ठरलेल्या उताऱ्यानं तांदूळ परत करायचा. साध्या तांदळासाठी केंद्राचं प्रमाण क्विंटलमागे ६७ किलो आहे. यात पैशांचा हिशोब फक्त मजुरीचा, बाकी सगळा वजनाचा.

२०२५-२६ साठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये आहे. ५०० क्विंटल धान चुकून खरेदीत टाकलं तर ११ लाख ८४ हजार ५०० रुपयांचा माल मिलच्या नावावर दिसू लागतो. बँकेकडून कॅश क्रेडिट घेतलेल्या मिलला दर महिन्याला मालसाठ्याचं विवरण द्यावं लागतं. तो आकडा थेट सॉफ्टवेअरमधून निघाला तर मालक नकळत बँकेला दुसऱ्याचा माल स्वतःचा म्हणून दाखवत असतो. इथं चूक आणि लबाडी यांच्यातलं अंतर फार कमी राहतं, आणि सही मालकाची असते.

यावर उपाय टॅलीतच आहे. वेगळं गोदाम तयार करायचं, तिथं आलेला-गेलेला माल फक्त वजनानं नोंदवायचा. मात्र ‘गोदाम’ हा पर्याय कुठल्या मेनूत आहे हे माहीत असणं वेगळं आणि इथं त्याची गरज आहे हे ओळखणं वेगळं.

रोखीच्या बाबतीतही तसंच. धंद्याच्या खर्चासाठी एका दिवसात एका माणसाला १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. पण शेतमाल थेट पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडून घेतला असेल तर त्याला सवलत आहे. व्यापाऱ्याकडून घेतला तर नाही. म्हणून खात्याचं नाव नुसतं ‘धान खरेदी’ असं ठेवून भागत नाही, समोर शेतकरी होता की व्यापारी हे नोंदीतून कळायला हवं.

पितळेची उलटी गंगा

भांड्यांकडे परत येऊ. नुसती विकणाऱ्या दुकानदाराचं आधी पाहिलं. जो भांडी बनवतो त्याचं दुखणं मोठं आहे. पितळेचा पत्रा १८ टक्क्यांनी येतो आणि तयार भांडं ५ टक्क्यांनी जातं. म्हणजे दर महिन्याला भरलेला कर जास्त आणि गोळा केलेला कमी. क्रेडिट साचत राहतं, आणि ते क्रेडिट म्हणजे कारागिराचं अडकलेलं भांडवल.

हा पैसा परत मागता येतो. कायद्यात त्याची सोय आहे, त्यासाठी सूत्रही ठरलेलं आहे. पण अर्ज करायचा तर कच्च्या मालाची बिलं, विक्रीची बिलं आणि पोर्टलवरचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. वह्या व्यवस्थित नसतील तर लहान कारखानदार या वाटेला जातच नाही.

त्यात भर म्हणून १० ऑक्टोबर २०२४ पासून एक नवा नियम आहे. नोंदणी नसलेल्या भंगारवाल्याकडून नोंदणी असलेल्या धंद्यानं धातूचं भंगार घेतलं, तर कर घेणाऱ्यानं स्वतः भरायचा, यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. नंतर त्याचं क्रेडिट मिळतं, पण आधी खिशातून रोख जाते. मोड घेऊन भांडी ओतणाऱ्यांच्या धंद्यात हा व्यवहार रोजचा.

क्लासमध्ये काय शिकवतात?

क्लासला नावं ठेवायचा हेतू नाही. एमकेसीएलचा क्लिक टॅली आहे, खासगी क्लास आहेत, राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तपालन आणि लेखाकर्म विषयात संगणकीय लेखांकनावर एक प्रकरणही आहे. या सगळ्यांतून सुरुवात होते, आणि ती व्हायलाच हवी. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स. आधीपासून तयार असलेले २८ ग्रुप. हे हाताला बसलं पाहिजे.

अडचण सरावाची आहे. परवाना नसलेली टॅली शैक्षणिक मोडमध्ये फुकट चालते, पण त्यात महिन्याची १, २ आणि ३१ अशा मोजक्याच तारखांना नोंद करता येते. म्हणजे सगळी खरेदी एक तारखेला आणि सगळी विक्री दोन तारखेला. उधारी किती दिवसांची, कोणतं बिल कोणत्या महिन्यात धरायचं, चेक कधी वटला, हे प्रश्न या सरावात पडतच नाहीत. बऱ्याचदा सरावाची कंपनी एक काल्पनिक ट्रेडिंग कंपनी असते आणि तिच्याकडे सगळ्या मालाला एकच दर असतो.

खऱ्या दुकानात मात्र सगळा खेळ तारखांचा आहे. महिन्याचं विवरण भरणाऱ्यासाठी विक्रीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला, खरेदीचं चित्र दाखवणारं २बी १४ तारखेला, कर भरायचं ३बी २० तारखेला. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की पुरवठादारानं तुमचं बिल त्याच्या विवरणात दाखवलं तरच तुम्हाला त्या बिलाचं क्रेडिट. भंडाऱ्यातल्या ऑपरेटरनं साकोलीच्या दुकानदाराचा जीएसटी क्रमांक टाकताना एक अंक चुकवला, तर फटका साकोलीच्या दुकानदाराला बसतो. दोघांचीही तेरीज जुळलेली असते.

सगळ्यांना हे सगळं लागतं असंही नाही. फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीच लागत नाही. दीड कोटीपर्यंतच्या किराणा दुकानदाराला कंपोझिशन योजना घेता येते. त्यात व्यापाऱ्याला उलाढालीवर १ टक्का कर भरावा लागतो, पण ग्राहकाकडून कर घेता येत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही. अशा दुकानाच्या टॅलीत नोंदणीचा प्रकार ‘रेग्युलर’ ठेवला तर पहिल्या बिलापासूनच चूक सुरू होते.

मग नोकरीचं काय?

टायपिंगचं काम कमी होत चाललंय, हे उघड आहे. बँकेचं विवरण आता थेट सॉफ्टवेअरमध्ये घेता येतं. २बी आपोआप जुळवून पाहता येतं. ५ कोटींवरच्या उलाढालीच्या धंद्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यावसायिक ग्राहकांची बिलं ई-इन्व्हॉइसनं करावी लागतात, म्हणजे त्यांचा तपशील आधीच सरकारी यंत्रणेत गेलेला असतो. बिल पाहून आकडे टाकणं एवढंच ज्याला येतं, त्याच्या पगाराला धोका आहे. तो धोका भंडाऱ्यात थोडा उशिरा येईल, इतकंच.

उरतं ते काम ठरवण्याचं. हा माल कुणाचा, हा खर्च कोणत्या विक्रीसाठी, हा दर कोणत्या तारखेपासून. हे ठरवायला जुनी पुस्तपालनाची समज लागते आणि धंद्याची ओळख लागते. नागपूरच्या मोठ्या ऑफिसात बसलेल्या माणसापेक्षा तुमसरच्या मुलीला राइस मिलमध्ये काय चालतं हे जास्त माहीत असतं, आणि तिची ही बाजू कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलेली नसते.

शिकायचं कुठे, कशावर?

पैसे नाहीत म्हणून क्रॅक केलेली प्रत वापरणं हा सगळ्यात वाईट मार्ग. दर बदलले, विवरणाचे नमुने बदलले की अपडेट मिळत नाही आणि मालकाचा सगळा डेटा कुणाच्या भरवशावर आहे तेही माहीत नसतं. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी जीएसटीएननं काही कंपन्यांसोबत मोफत बिलिंग आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरची सोय २०१९ मध्ये जाहीर केली होती. छोट्या दुकानाला तेवढ्यावर काम सुरू करता येतं. मोफत प्रशिक्षणासाठी बँकांच्या पुढाकारानं चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था म्हणजे आरसेटी आहेत. तिथं राहण्या-जेवण्याची सोयही असते. कोणता वर्ग कधी सुरू होतो हे तिथंच विचारावं लागतं.

खासगी क्लासची फी भरण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारायला हरकत नाही. सरावाला खरी बिलं मिळतील का, नावं झाकलेली चालतील? करमुक्त आणि करपात्र माल एकत्र असलेल्या धंद्याचं एक पूर्ण वर्ष करून घेणार का? सप्टेंबर २०२५ च्या दरबदलाच्या आधीचं एक आणि नंतरचं एक बिल, दोन्ही एकाच कंपनीत नोंदवून दाखवाल का? शेवटच्या प्रश्नाला शिक्षकानं दराशेजारची ‘कधीपासून लागू’ ही तारीख उघडून दाखवली, तर क्लास बरा आहे असं समजायला हरकत नाही.

आणि ज्यांना जमेल त्यांनी खरीप धान खरेदीच्या हंगामात एखाद्या मिलच्या मुनीमाजवळ महिनाभर बसावं. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू झाला की आवक, बारदाना, भरडाई, भाडं, शेतकऱ्याचं चुकतं करणं, बँकेचं विवरण हे सगळं एकाच टेबलावर येतं. मुनीम बहुतेक वेळा अजून एक वही बाजूला ठेवून असतो. त्या वहीत तो काय लिहितो आणि संगणकात काय टाकतो, यात फरक का आहे, हे त्याला विचारावं.